आमाले काई नाई, पण

आमच्या गावात जातपात मानणारं एकही माणूस नाही. हे माझं मत नाही, गावाचं आहे. फाट्यावरच्या हॉटेलात चहा पिणाऱ्याला विचारा, ओट्यावर मूग पाखडणाऱ्या बाईला विचारा. उत्तर एकच येतं, शब्दसुद्धा ठरलेले: "आमाले काई नाई, पण..." या 'पण'च्या पुढे जो येतो तो बोलणारा स्वतः कधीच नसतो. दुसराच कोणीतरी असतो. त्या दुसऱ्याच्या दारात जाऊन उभं राहा, तोही म्हणतो "आमाले काई नाई, पण", आणि पहिल्याकडे बोट दाखवतो. मागच्या वर्षी दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत मी या दुसऱ्याला शोधत घरोघर फिरले. शेवटी एक बाई सापडली, आणि तिच्याशी मी जे केलं ते मी आमच्या संघटनेत अजून कोणाला सांगितलेलं नाही. इथं सांगते.

गोष्ट शाळेतल्या खिचडीची आहे. आमचं गाव वाशीम जिल्ह्यातल्या रिठदपासून जवळ. गावात जिल्हा परिषदेची सातवीपर्यंतची शाळा. तिथं पोषण आहार शिजवणारी बाई मुलाकडे पुण्याला राहायला गेली आणि जागा रिकामी झाली. मानधन इतकं की दुसऱ्या कोणाला त्या चुलीपाशी उभं राहायची हौस नव्हती. एकच अर्ज आला. तो मावशीचा.

मावशी म्हणजे बौद्धपुऱ्यातली. आमच्या वावरात निंदणाला, सोयाबीनच्या सोंगणीला ती माझ्या जन्माच्या आधीपासून येते. माझी माय आणि ती एकाच वर्षी या गावात सुना म्हणून आल्या. दरवर्षी दिवाळी झाली की मावशी आणि तिचा नवरा ऊसतोडीच्या टोळीबरोबर जायचे ते होळीच्या पुढेमागे परत यायचे. तेवढे महिने त्यांची मुलगी आजीजवळ राहून रिठदच्या हायस्कुलात जायची. ती नववीत होती. पावसाळ्यात आजी वारली. आता पोरीला एकटं ठेवता येत नव्हतं, आणि फडावर नेली की शाळा संपली. हे अंदाजानं लिहीत नाही. तिची मोठी बहीण अशीच आठवीतून गेली, आणि दुसऱ्या वर्षी तिचं लग्नच झालं. टोळीचा मुकादम दिवाळीपर्यंत उत्तर मागत होता. खिचडीचं काम मिळालं तर मावशी गावात राहणार होती आणि पोरगी शाळेत. नाही मिळालं तर दोघीही जाणार. एवढंच होतं सगळं.

एकच जागा, एकच अर्ज. मला वाटलं पाच मिनिटांचं काम.

शाळा व्यवस्थापन समितीची बैठक हेडमास्तरांच्या खोलीत झाली. समितीचे अध्यक्ष माझे बाबा, कारण माझी धाकटी बहीण सहावीत. नियमानं समितीत निम्म्या बाया लागतात, म्हणून बाबांनी मायचंही नाव टाकून दिलेलं. मी समितीत नाही, तरी गेले. दारातच उभी राहिले. आत सगळे पुरुष.

"आमाले कोणालेच काई नाई," बाबा म्हणाले. "मी तं त्यायच्या घरचा चहा पेतो."

"म्या बी पेलो," दुसरे एक काका म्हणाले. "लय बेस करते चहा."

"मग द्या काम," मी दारातून म्हणाले.

"तसं नाई ना पोरी. बायायचं काय? बाया लेकरायले जेवू देणार नाईत."

"कोणत्या बाया?"

"साऱ्याच."

"विचारलं त्यांना?"

"त्याच्यात इचारा लागते काय? माहीतच असते."

"समितीत निम्म्या बाया आहेत. त्या कुठं आहेत आत्ता?"

काकांनी बाहेर हात केला. बाहेर म्हणजे वावरात. "सोंगणी नाई का चालू. त्यायच्या सह्या घरीच होतात."

हे खरं होतं. दर बैठकीनंतर रजिस्टर प्लॅस्टिकच्या पिशवीतून घरोघर फिरायचं. माय पदराला हात पुसायची आणि बाबा बोट ठेवतील तिथं सही करायची. आत काय लिहिलंय हे तिनं कधी विचारलं नाही आणि कोणी सांगितलं नाही. आता त्याच बायांच्या नावावर मावशीला नाही म्हणायचं चाललं होतं. हेडमास्तर बिचारे वैतागलेले. पंधरा दिवस ते आणि एक सर मिळून गॅसपाशी उभे होते, आणि दोघांना मिळून तांदळाचा अंदाज येत नव्हता. "काय ते ठरवा," ते म्हणाले. ठरलं काहीच नाही. "अजून अर्ज येऊ द्या," असं ठरलं.

मी पत्रकं लिहिते. वाशीमला कॉलेजात असताना संघटनेत गेले, शिबिरं केली, आणि मला सांगण्यात आलं की तुझी भाषा धारदार आहे. तेव्हापासून पाठपोट छापलेलं एक पान हाच माझा धंदा. त्याच उन्हाळ्यात मी एका पत्रकात लिहिलं होतं की जिच्या मानेवर जू आहे ती दुसऱ्याच्या मानेवर जू ठेवणार नाही, म्हणून समतेच्या लढाईत बाई आपोआप आपल्या बाजूची. वाक्यावर टाळ्या मिळाल्या होत्या. माझा त्यावर पूर्ण विश्वास होता. म्हणजे पुरुष उगाच बायांच्या आड लपतायत, बायांना विचारलं की झालं, असं माझं सरळ गणित.

रात्रीतून फॉर्म केला. "शाळेत सदर महिलेने स्वयंपाक करण्यास आपला आक्षेप आहे काय? होय / नाही." खाली सहीची जागा. रिसोडला झेरॉक्स काढल्या आणि निघाले.

पहिल्याच घरी म्हातारी ओट्यावर होती. तिनं फॉर्म हातात घेऊन उलटा धरला.

"मले काई नाई माय. माया कितीक दिवस राह्यले आता? पण सुनेचं सांगता येत नाई. ती लय सोवळ्याची हाय."

सून आत भाकरी थापत होती. मी आत गेले.

"मले काई नाई ताई," ती हळूच म्हणाली. "पण सासूबाईले नाई चालत. त्यायच्यासाठी करा लागते सारं."

दोघींमध्ये एक भिंत होती आणि तीही अर्धीच. दोघींना एकमेकींचं ऐकू येत होतं. दोघींनीही 'नाही'वर खूण केली.

असंच पुढं. एकीला काही नव्हतं, पण नवऱ्याला होतं. तिचा नवरा त्या बैठकीत बसून लय बेस चहाचं सांगत होता. एकीला काही नव्हतं, पण माहेरचे आले की काय म्हणतील. एक म्हणाली, "गावाचं होईन ते आमचं." मी म्हटलं, "गाव म्हणजे कोण?" ती हसली आणि माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला. सगळ्यांनी 'नाही'वर खुणा केल्या. माझी पिशवी फुगत चालली आणि डोकं भणभणत चाललं. इतके बिनआक्षेप लोक असलेल्या गावात एक बाई खिचडी का शिजवू शकत नव्हती?

मावशीच्या घरी गेले तेव्हा तिचा नवरा होता. विहारात बोलायला उभा राहिला की हा माणूस ऐकत राहावासा वाटतो. मी त्यांना फॉर्मचं सांगितलं. त्यांनी मान डोलावली.

"मले काई नाई बाई, तिनं काम केलं तं. पण ऊसतोडीले जोडी लागते. कोयता दोघायचा असते. मी एकटा जाऊन काय करू?"

मी मावशीकडे पाहिलं. ती कपबशा धूत होती. "आयकलं?" ती मला म्हणाली. "साऱ्यायलेच काई नाई."

मग आमच्या समोरच्या घरची वैनी. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी, अनसिंगकडची. बारावी झालेली. मला वाटलं ही तर आपलीच. तिनं फॉर्म वाचला, खाली ठेवला, आणि म्हणाली, "मले हाय."

"काय?"

"आक्षेप. लिह्य ना. होयवर कर."

मला आधी वाटलं चेष्टा करते. ती दारातच बसली, सोयाबीनच्या काड्यांनी खरचटलेले हात मांडीवर ठेवून.

"हे पाह्य. या घरात मी सर्व्याईच्या खाली. सासऱ्याच्या खाली, सासूच्या खाली, नवऱ्याच्या तं हायच. धाकट्या दिराचे कपडे मी धुतो, तो मले 'ए' म्हणते. बरोबर?"

आमच्या वऱ्हाडात बायाही 'धुतो, जातो, करतो' म्हणतात. बोलण्यात तेवढी समता आमच्याकडे आधीपासून आहे.

"बरोबर," मी म्हणाले.

"मंग माया खाली कोण हाय? तेच. वावरात त्या बाया पाणी मागतेत अन् मी वरून वततो. त्या वंजळ धरतेत. तेवढ्या येळेले मी कोणाच्या तरी वर असतो. ते बी तू घेऊन चालली. घेऊन जाय. पण मले त्याच्या बदली काय देशीन?"

"वैनी, तुमची शत्रू ती बाई नाही. ही व्यवस्था आहे."

"व्यवस्था माया घरी भांडे घासाले येते काय?"

मला राग आला. पत्रकात हे कुठंच नव्हतं. शिबिरात तीन-तीन दिवस बसवून जे शिकवलं त्यात ही बाई नव्हती. मला तिला हलवावंसं वाटलं, आणि त्याच वेळी हेही कळत होतं की अख्ख्या गावात खरं बोलणारी ही एकटी आहे. तिनं माझ्या हातून पेन घेतला, स्वतःच 'होय'वर गोल केला आणि आडनावासकट पूर्ण सही केली. तशी सही करायची संधी तिला त्या घरात बहुधा पहिल्यांदाच मिळाली असावी.

घरी येऊन मी फॉर्म लावले. सगळे 'नाही', एक 'होय'. एकमतानं कसं छान दिसलं असतं. मी तो एक फॉर्म काढला आणि कॉलेजच्या जुन्या वह्यांत घालून ठेवला. म्हणजे बायांना न विचारता त्यांचं मत लिहिणारे बाबा, आणि विचारून ते लपवणारी मी. बाबा निदान मेहनत तरी करत नव्हते.

गठ्ठा पुढच्या बैठकीत बाबांच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी चष्मा लावून दहा-बारा पानं चाळली.

"कागदावर सारेच नाई म्हणतेत," ते म्हणाले. "ताटावर बसल्यावर समजते."

"मग बसवा ताटावर."

ते मला टाळायला बोलले होते आणि अडकले. हेडमास्तरांनी लगेच शनिवार धरला. शनिवारी सकाळची शाळा. मावशी शिजवेल, लेकरांबरोबर त्यांच्या आयांनीही जेवायला यायचं. देवळाच्या भोंग्यावरून पुकारा झाला, आणि त्याच्या शेवटी आमच्याकडे कोणत्याही भंडाऱ्याच्या पुकाऱ्यात असतं ते वाक्य होतंच: ताट-गिलास घरून आणावे. मी त्यात माझी अट घातली. वाढायचं पुरुषांनी, आणि ताटं धुवायचीही पुरुषांनी. वाढायला कोणाची हरकत नव्हती. पंगतीत वाढणं आमच्याकडे पुरुषांचंच, मानाचं. धुण्यावर कुरकुर झाली, पण समितीचे अध्यक्ष बैठकीत हो म्हणून बसले होते.

शनिवारी बाया आल्या. बऱ्याच आल्या. तासाभराची सुटी घेऊन वावरातून थेट, डोक्याचे रुमाल तसेच. वैनी आली नाही. मावशीनं मटकी घालून खिचडी केली होती. ओळीत सगळ्या बसल्या, बाबा बादली घेऊन वाढत फिरले, मी मोबाईलवर फोटो काढत राहिले. शेवटी मावशीही घरून आणलेलं आपलं ताट घेऊन ओळीच्या टोकाला बसली. मला रडू येईल असं वाटलं. पत्रकासाठी मथळाही सुचला. तो आता सांगायची लाज वाटते.

जेवण होताच बाया वावरात पळाल्या, ताटं नळापाशी ठेवून. बाबा, ते चहावाले काका आणि आणखी दोघं पँटी दुमडून बसले. धुतली, बऱ्यापैकी धुतली. आणि मग सगळी ताटं एकावर एक रचली.

इथं ते फसले. हे चारही जण पन्नाशीचे, रोज दोन वेळा त्या ताटांत जेवणारे, आणि एकालाही स्वतःच्या घरचं ताट ओळखू येत नव्हतं.

"हे आपलं वाटते," काका म्हणाले.

"कशावरून?"

"गोल हाय ना."

बाबांनी अध्यक्ष म्हणून निर्णय घेतला: ताट ते ताट. ज्या घरची जितकी आली तितकी मोजून पोरींच्या हाती घरोघर पाठवली. आणि संध्याकाळी बाया वावरातून आल्यावर गावात जे सुरू झालं ते मी कधी पाहिलं नव्हतं. बाईला ताट हातात घेतल्याबरोबर कळतं. काठावरचा पोचा, बुडाचा डाग, लग्नात कोणत्या मामानं दिलं. गल्लीगल्लीत ताटं घेऊन बाया निघाल्या. "तुयाकडे माया भावाचं आलं काय वं?" "हे कोणाचं चपटं? तुयाच नवऱ्यावानी दिसते." हसणं चाललं होतं. पण काही ताटं बौद्धपुऱ्यात गेली होती आणि तिथली इकडे आली होती. ताटावर नाव कोरलेलं असतं, नावाला आडनाव असतं, आणि आडनाव वाचलं की आमच्याकडे पुढचं विचारावं लागत नाही. तिथं हसणं थांबायचं. तरी बाया गेल्या. वीस-वीस वर्षं या गावात नांदलेल्या बाया पहिल्यांदा त्या गल्लीत गेल्या, आपलं ताट आणायला. अंगणात उभ्या राहिल्या, ताट दिलं, ताट घेतलं. एक-दोघी बसल्या. घरी आल्यावर कोणी राखेनं घासलं, कोणी चुलीवर धरलं. तेही मी पाहिलं.

आमच्या घरात मावशीचं ताट आलं होतं. काठावर तिच्या भावाचं नाव आणि 'सप्रेम भेट'. माय ते द्यायला गेली नाही. घासलंही नाही. मांडणीत आमच्या ताटांबरोबर लावून ठेवलं.

"ते मावशीचं आहे," मी म्हणाले.

"वाचता येते मले," माय म्हणाली.

दुसऱ्या दिवशी रविवार. दुपारी बाबा जेवायला बसले. झुणका, भाकर, वर हिरव्या मिरचीचा ठेचा. मायनं वाढलं. मी समोर बसले होते आणि मला ताट दिसत होतं. बाबा शनिवारच्या कार्यक्रमाचंच बोलत होते, की रिसोडपर्यंत चर्चा आहे. भाकरीनं झुणका पुसत पुसत ते काठापर्यंत आले आणि अक्षरं वर आली. बाबांनी घास हातात धरून आडनाव वाचलं.

"हे ताट कोणाचं?"

"शाळेतून तुमीच तं पाठवलं," माय म्हणाली. "तुमीच धुतलं."

"हो, पण... तसं मले काई नाई. पण ज्याचं ताट त्याले पाह्यजे ना."

"काहून?"

माय आमच्या घरात 'काहून', म्हणजे 'का', हा शब्द वापरत नाही. निदान बाबांपुढे नाही. बाबांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, जणू मीच तो शब्द तिला शिकवला.

"अजून अर्धी देऊ?" तिनं भाकरीचं टोपलं पुढं केलं.

"नको. झालं मायं." अर्धी भाकर तशीच होती. ते उठले आणि न्हाणीत जाऊन हात धुतले. रोज ते बसल्या जागीच, माय पुढं धरते त्या भांड्यात हात धुतात.

आणि मग मायनं काय केलं? ती नेहमी जे करते तेच. बाबांचं उष्टं ताट पुढं ओढलं आणि त्यातच जेवायला बसली. नवऱ्याच्या ताटात जेवायची तिची ही रीत. त्यावरून मी तिच्याशी इतक्या वेळा भांडले आहे की आता त्या वेळेला मी उठून बाहेर जाते. त्या दिवशी उठता आलं नाही. बाबांनी टाकलेली अर्धी भाकर तिनं मावशीच्या ताटात, बाबांच्या उष्ट्यात, सावकाश संपवली. यातल्या कशावर खूश व्हायचं आणि कशावर चिडायचं हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पत्रकात एका पानावर एकच बाजू मांडता येते.

मंगळवारी रजिस्टर आलं. बाबांनी मधला मार्ग काढला होता: मावशीला 'मदतनीस' म्हणून घ्यायचं, भांडी घासायला आणि झाडायला, नेहमीच्या मानधनाच्या निम्म्यावर. शिजवणारी दुसरी बघायची. म्हणजे शनिवार झाला, फोटो निघाले, गावाची छाती फुगली, आणि गॅसपाशी परत कोणीच नाही. मुकादम तर दोन दिवसांनी येणार होता. बाबांनी बोट ठेवलं.

"थांबा. वाचतो," माय म्हणाली.

ती सातवी झालेली. ओळीखाली बोट सरकवत, ओठ हलवत तिनं अख्खा ठराव वाचला. चुलीवर दूध होतं, ते उतू गेलं.

"घासाले चालते अन् शिजवाले नाई?"

"ते बायायसाठीच केलं ना," बाबा म्हणाले. "बायायले पटलं पाह्यजे."

"मी बाईच हाय. मले कोणी इचारलं?"

तिनं सही केली नाही. बाबा पिशवी घेऊन पुढच्या घरी गेले. तिथल्या बाईनं पहिल्यांदा मायच्या सहीची जागा पाहिली, ती रिकामी दिसली, आणि तिनंही हात झटकले. तिसरीनं तसंच. कोणाला समता पटली होती म्हणून नाही. अध्यक्षाच्या बायकोनं केली नाही तर आपण कशी करायची, म्हणून. हाही मानाचाच हिशेब, मला तो आवडला नाही. हेडमास्तरांनी बाबांना सांगितलं की सह्यांशिवाय ठराव पाठवता येत नाही. बुधवारी संध्याकाळी नवा ठराव लिहिला गेला, 'स्वयंपाकी' असा, आणि त्यावर मायसकट सगळ्यांच्या सह्या झाल्या. त्यानंतर बाबा हॉटेलात ही गोष्ट सांगतात तेव्हा ती सुरुवातीपासून त्यांची असते.

मी मायला मिठी मारायला गेले. तिनं कोपरानं बाजूला केलं.

"ते तुया संघटनेचं नोको सांगू मले," ती म्हणाली. "तुया बाबानं माया नावावर खपवलं, म्हून केलं. मी तिच्या घरचं पाणी अजून पेत नाई. ते येगळं."

"वेगळं कसं?"

"येगळं हाय."

मग शनिवारी तिनं खिचडी खाल्ली होती का? मी सगळे फोटो काढून पाहिले. एका फोटोत तिच्यापुढे भरलेलं ताट आहे. दुसऱ्यात तेच ताट माझ्या धाकट्या बहिणीच्या पुढ्यात आहे. मधलं मी पाहिलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा मावशी कामावर होती. सात-आठ लेकरं घरून डबे घेऊन आली. त्यांतल्या सहा घरांचे फॉर्म 'नाही'वर खूण केलेले, सहीसकट, माझ्याकडे आहेत. वैनीचा मुलगाही डबा आणत होता. त्याच्यावर मला चिडता येईना. बाकीच्यांच्या घरी जाऊन ते फॉर्म तोंडापुढे धरायचे असं मी ठरवलं, आणि तसं मावशीला सांगायला तिसऱ्या दिवशी शाळेत गेले. म्हटलं, तुझा एक फोटोही काढते, नव्या पत्रकाला होईल.

"फोटो नोको," ती म्हणाली. "अन् कोणाच्या घरी जाऊ नोको. मी अठी सैपाक कराले आली."

"पण त्यांनी लिहून दिलंय मावशी. सह्या आहेत."

"असतीन. लेकरं हायेत, आज नाई तं उद्या वास येईन. नाई आले तं त्यायच्या घरचं ते खातीन. माया पोरीचं पयल्या एसटीनं जाणं झालं, मले तेवढं पुरते."

मी वाद घालायला तोंड उघडलं तोच बाहेर हॉर्न वाजला. टोळीचा ट्रक. शाळेच्या कुंपणाला लागूनच रस्ता आहे. वर पेट्या, गाठोडी, हंडे, दोन शेळ्या, आणि माणसं. मावशीचा नवरा भावाच्या जोडीनं मागच्या फळकुटाला टेकून उभा होता. त्याच्या शेजारी मावशीची जाऊ, आणि तिची माझ्या बहिणीएवढी मुलगी, जी परवापर्यंत याच शाळेत होती. मावशी खिचडी हलवायचा डावला हातात घेऊनच बाहेर गेली. ट्रक थांबला नाही, फक्त हळू झाला.

"घोंगडी घेतली काय?" तिनं ओरडून विचारलं.

"घेतली," नवरा म्हणाला. "पोरीले एकटी नोको पाठवत जाऊ फाट्यावर."

जाऊ काही म्हणाली ते इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नाही. तिची मुलगी शाळेकडे पाहत नव्हती, शेळीचं दावं सोडवत होती. तिच्यासाठी कोणी फॉर्म काढला नव्हता. मीही नाही. ट्रक केनवडच्या दिशेला वळला आणि धूळ खाली बसेपर्यंत मावशी तिथंच उभी राहिली. मग आतून जळका वास आला.

"लागली वाटते," ती म्हणाली, आणि आत पळाली.